पिशवीतला झगा

दर शनिवारी संध्याकाळी मी यांचा पांढरा झगा इस्त्री करायची, आणि रविवारी दुपारी तो घडीही न मोडलेला पिशवीतून काढून परत कपाटात टांगायची. भिलाईच्या कोहक्याला राहायला आलो तेव्हापासून हेच. न घातलेल्या झग्याला कसली आलीय इस्त्री! पण मी करायची. नसती केली तर यांना वाटलं असतं की आता हिनंही आशा सोडली.

हे म्हणजे माझा नवरा. सारी उमर चर्चचे पाळक, आणि शेवटी कथीड्रलचे वरिष्ठ पाळक. ज्या देवळात बिशपची गादी असते ते कथीड्रल. तिथला वरिष्ठ पाळक म्हणजे बिशपच्या खालोखालचा माणूस, निदान बोलायला तरी. निवृत्त झाल्यावर आम्ही भिलाईत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तरुणपणी यांनी इथल्याच चर्चमध्ये काम केलं होतं, कितीतरी लेकरांचे बाप्तिस्मे यांच्या हातचे, म्हणून यांना वाटलं की आपली माणसं आहेत. त्याच चर्चमध्ये हे आता मागच्या बाकावर बसायचे. यांचं एकच मागणं होतं. एकदा, फक्त एकदा, पुन्हा वेदीसमोर उभं राहून मंडळीसाठी भाकर मोडायची, प्याला उचलायचा. हातांना कंपवात लागला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं की वाढत जाईल. म्हणजे जे व्हायचं ते हात पुरते जायच्या आत व्हायला हवं होतं.

आणि निवृत्त पाळकाला एक रीत पाळावी लागते. दुसऱ्याच्या चर्चमध्ये बोलावल्याशिवाय झगा अंगावर घालायचा नाही. तिथला पाळक 'या, मदतीला या' म्हणेल तेव्हाच. म्हणून ती पिशवी. मी स्कूटी चालवायची, हे मागं बसायचे, पिशवी मांडीवर. सिग्नलला लोक बघायचे, म्हातारी चालवतेय आणि म्हातारा पोत्यासारखा बसलाय. बघा म्हटलं, बघून घ्या.

तुम्ही म्हणाल, मग त्या पाळकाला सरळ सांगायचं ना तोंडानं. मीही तेच म्हणायची. लिहिताना मी शाळेतली मराठी लिहिते, मास्तरीण होते ना. पण घरात आमची नागपूरकडचीच चालते, आणि राग आला की मग दुसरी येतच नाही.

"तोंडात मूग धरून कावून बसता? सांगा ना त्याले, का मले एकदा करू दे म्हणून."

"मागून नाही घेत अवं," हे म्हणायचे. "बोलावणं आलं पाहिजे."

"अन् नाही आलं तं?"

"तं नाही आलं."

असा माणूस. माझं आयुष्य या माणसाच्या 'तं नाही आलं'मध्ये गेलं.

यांचे वडील दुर्गला रेल्वेत फिटर होते, आजा नागपूरकडून आलेला. घरी मराठी, गल्लीत हिंदी, खेड्यात गेलं की छत्तीसगढी. बाप म्हणायचा पोरानं रेल्वेत लागावं. पोरगं सेमिनरीत, पाळकांच्या शाळेत गेलं. माझ्या माहेरी स्थळ आलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, पाळकाचं घर चांगलं असते, मान असते. मान! मान खाऊन पोट भरलं असतं तर आज मी दोन मणाची असते.

आता यांचा एक वेडेपणा सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. प्रार्थनापुस्तकात प्रार्थना मोठ्या अक्षरात असतात, आणि मधूनमधून बारीक तिरप्या अक्षरात पाळकासाठी सूचना असतात. उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, कुणाला भाकर द्यायची, कुणाला नाही. सारं जग प्रार्थना वाचतं. हे सूचना वाचायचे. आणि वाचून सोडून नाही द्यायचे, पाळायचे. माझ्या माहितीत दुसरा पाळक नाही ज्यानं ती बारीक अक्षरं अशी मनावर घेतली.

त्यातली एक सूचना अशी की पाळकाबरोबर प्रभुभोजन, म्हणजे ती भाकर आणि प्याला, घेणारे निदान तिघे असल्याशिवाय प्रभुभोजन करायचं नाही. एकट्यानं, दुकट्यानं होत नाही. तो काही पाळकाचा खाजगी नाश्ता नाही, मंडळीचं जेवण आहे, असं हे समजावायचे. भिलाईतल्या त्या जुन्या दिवसांत स्टील प्लांटमध्ये नाइट शिफ्ट करून येणाऱ्यांसाठी यांनी रविवारी पहाटेची उपासना सुरू केली होती. शिफ्ट सुटली की ते लोक तसेच सायकलवर यायचे. तोंडं काळी, डोळे लाल, हेल्मेट बाकाखाली. कधी दहाबारा, कधी पाच. एका रविवारी दोघंच आले. यांनी घरी निरोप धाडला, लवकर ये. मी तव्यावर पोळी टाकलेली, मला वाटलं कुणी मेलं की काय. गॅस बंद करून धावत गेले तर हे वेदीजवळ उभे, ते दोघं बाकावर पेंगत, आणि हे म्हणतात, "बस. तू तिसरी."

हसू आलं तेव्हा. आताही येतं. त्या दिवसांत मी या माणसावर जीव टाकत होते, हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई जन्मभर कुरकुरतच होती.

मग बदल्या. खेडी, पुन्हा गाव, पुन्हा खेडी. पाळकाचं घर कधीच पाळकाचं नसतं. भिंतीला खिळा ठोकतानाही वाटतं की हा काढून कोण घेणार. लेकरू झालं नाही. दवाखाने झाले, प्रार्थना झाल्या, मग आम्ही तो विषय बंद केला. आणि अखेर कथीड्रल. मोठा बंगला, उंच छत, दारावर माळी. लोक म्हणायला लागले, पुढचे बिशप हेच. हे काही बोलायचे नाहीत, पण मला माहीत होतं की यांच्याही मनात आहे. कुणाच्या नसतं?

कथीड्रलच्या कमिटीत एक बडे गृहस्थ होते. सेक्रेटरी. पैसा, ओळखी, सगळं. त्यांची आणि त्यांच्या सख्ख्या भावाची घरावरून कोर्टकचेरी चालू होती. दोघं भाऊ एकाच चर्चमध्ये, एक डावीकडे बसायचा, एक उजवीकडे, आणि बायका एकमेकींकडे पाहून थुंकायच्या, अगदी खरं सांगते, चर्चच्या फाटकाबाहेर थुंकायच्या. आता बारीक अक्षरात लिहिलंय की ज्या दोघांत वैर उघड दिसतं त्यांना समेट होईपर्यंत प्रभुभोजनाला घेऊ नये. कोण पाळतं हे? कुणीच नाही. यांनी पाळलं.

उगाच नाही पाळलं. शनिवारी त्या गृहस्थांच्या घरी गेले, चहा घेतला, सांगितलं की भावाशी बोला, निदान बोलायला तयार आहो एवढं म्हणा, नाहीतर उद्या वेदीपाशी येऊ नका. भावालाही तेच सांगितलं. भाऊ रविवारी आला नाही. गृहस्थ हसले, पाठ थोपटली, म्हणाले, "क्या साहब, आप भी." आणि रविवारी सूट घालून सगळ्यांच्या आधी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून, हात पसरून बसले.

मी तिसऱ्या बाकावर होते. हे भाकरीचं ताट घेऊन ओळीनं येत होते. गृहस्थांच्या शेजारच्या म्हातारीच्या हातावर ठेवली. मग त्यांचा हात आला. हे क्षणभर थांबले आणि पुढच्याला गेले. त्या माणसाचे हात तसेच पसरलेले राहिले. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईचा सूर चुकला. माय वं!

घरी आल्यावर मी भांडले. "अख्ख्या गावासमोर? तुमाले काही डोस्कं आहे का नाही?"

"काल सांगतलं होतं त्याईले."

"सांगतलं होतं! आता भोगा."

आणि भोगलं. मी त्या दिवशी घाबरले होते आणि मला यांचा अभिमानही वाटला होता, दोन्ही एकदम, एकाच पोटात. पण लोकांना त्यातलं काहीच वाटलं नाही. जे लोक त्या गृहस्थाच्या माघारी त्याला शिव्या द्यायचे तेच म्हणाले की पाळकानं अपमान करायला नको होता. बिशपच्या निवडीत यांचं नाव आलंच नाही. जे बिशप झाले ते त्या गृहस्थाचे जुने दोस्त. यांना कथीड्रलमध्ये ठेवलं, कारण काढायला कारण सापडेना. पण कमिटीच्या बैठकी यांना न कळवता व्हायच्या, सणाच्या उपदेशाला बाहेरून कुणी यायचं, आणि हे खुर्चीत बसून ऐकायचे. सेक्रेटरी चढत चढत बिशपच्या ऑफिसात मोठे पदाधिकारी झाले. सगळ्या पाळकांच्या बदल्या त्यांच्या हाताखालून जायच्या. निरोपसमारंभ झाला तेव्हा बंगला रिकामा करायची आठवण त्यांनीच तिथं माइकवर करून दिली, समोसे वाटायच्या आधी.

मग कोहका. आता मला सांगा, भिलाईचा तो पोरगेला पाळक यांना कसा बोलावणार होता? त्याला वरून फोन असणार. त्यानं कधी म्हटलं नाही, पण मला कळत नाही का? मी काय दूधपिती आहे? तसा तो वाईट नव्हता. पाया पडायचा, 'बाबाजी, बाबाजी' करायचा. त्याच्या चर्चमध्ये कीबोर्ड होता, ड्रम होता, पडद्यावर गाण्याचे शब्द सरकायचे, आणि उपासना अशी धावायची जशी बस सुटतेय. अर्ध्या प्रार्थना गाळलेल्या. हे मागच्या बाकावर बसून गाळलेल्या प्रार्थना मनातल्या मनात म्हणायचे. मला ओठ हललेले दिसायचे.

"घरी करा," मी एकदा म्हटलं. "टेबल आहे, मी आहो. भाकर मी करतो."

"तिघं पाहिजेत."

"कोण पाहून राहिलं इथं?"

"मी पाहून राहिलो."

बरं, माझ्याशिवाय आणखी दोघं आणायचे कुठून? जुने लोक मेलेले किंवा पोरांकडे गेलेले. उरलेले म्हणायचे, पाळकाच्या परवानगीशिवाय तुमच्या घरी प्रभुभोजन म्हणजे फूट पाडल्यासारखं होईल. घाबरट कुठले.

शेजारी एकजण राहायचे, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. बौद्ध, मूळचे वर्ध्याकडचे, प्लांटमध्ये क्रेन चालवून रिटायर झालेले. संध्याकाळी यांच्याजवळ येऊन बसायचे. दोघांच्या गप्पा म्हणजे नुसती टिंगल. माझी कटकट त्यांच्या कानावर गेली होती.

"मले बसवा ना त्या तिघांत," ते म्हणाले. "काय खायचं थे खाईन. मटन तं नाही ना?"

"तुमी बाप्तिस्मा घेतला का?" यांनी विचारलं.

"आमच्या बापानं नागपूरले दीक्षा घेतली, थे सात पिढ्याले पुरे झाली जी."

"मंग नाही चालत."

"पाहा वहिनी! गरज तुमच्या साहेबाले अन् नखरे बी तुमच्या साहेबाचेच."

तिघंही हसलो. पण भाऊ गेल्यावर हे बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होते. त्या दिवसांत चहाचा कप बशीत वाजायला लागला होता.

आणि मग बोलावणं आलं.

तरुण पाळक स्वतः घरी आला. चर्चचा वर्धापनदिन, बिशप येणार, जुन्या पाळकांचा सत्कार. मी मनात म्हटलं, आली शाल आणि नारळ. पण निघताना तो दारात वळून म्हणाला, "बाबाजी, चोगा ज़रूर लाइएगा. पहनना है."

झगा आणा. घालायचा आहे.

तो फाटकाबाहेर जाईस्तोवर हे उभेच होते. मग मला म्हणाले, "आयकलं ना?" आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

तो आठवडा आमचं घर म्हणजे सेमिनरी. स्टीलचा पेला पाण्यानं भरून हे ओट्यासमोर उभे राहायचे आणि दोन्ही हातांनी वर उचलायचे. पहिल्या दिवशी अर्धं पाणी खाली. मी पुसायची, पुन्हा भरून द्यायची. कोपर पोटाला टेकवून उचललं तर कमी सांडतं, हे त्यांना सापडलं. गोळी कधी घेतली म्हणजे उपासनेच्या वेळी हात शांत राहतील, त्याचा हिशेब बसवला. मी मंडळी व्हायची, पोळ्या लाटता लाटता उत्तरं द्यायची. एकदा सगळं शेवटपर्यंत झालं, पेल्यातून थेंब नाही सांडला, आणि भाऊ खिडकीतून ओरडले, "वा साहेब! क्रेनवर राहिले असते तं प्रमोशन भेटलं असतं!"

रविवारी चर्चबाहेर फ्लेक्स लागला होता. मधे बिशप, बाजूला ते गृहस्थ, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्टएवढे जुने पाळक, त्यात हे. मी फ्लेक्सकडे बघितलं आणि मला तिथंच कळायला हवं होतं. आत यांनी झगा घातला. मी गुंड्या लावल्या, खांद्यावरचा पट्टा सरळ केला. मिरवणूक निघाली, हे बिशपच्या पुढं, ताठ चालले. फोटो निघाले, खूप निघाले. झगा त्याच्यासाठीच आणायला सांगितला होता. फोटोत सगळे पाळक सारखे दिसावेत म्हणून.

सत्कार उपासनेच्या मधेच झाला. शाल कुणी घातली म्हणता? त्याच गृहस्थांनी. तेच, ज्यांचे हात पसरलेले राहिले होते. माइकवर म्हणाले, "साहब से मैंने अनुशासन सीखा है," आणि हसले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. झग्यावर शाल, हातात नारळ. नारळ हलत होता. पहिल्या रांगेत एका मुलीला हसू आवरेना, तिच्या आईनं तिला चिमटा काढला.

मग प्रभुभोजनाची वेळ आली. बिशप वेदीपाशी गेले, तरुण पाळक गेला. हे नारळ खुर्चीवर ठेवून उठले आणि वेदीकडे निघाले. दोन पायऱ्या चढले असतील. तरुण पाळक लगबगीनं खाली आला, यांचा दंड धरला आणि म्हणाला, हळूच, पण त्याच्या कॉलरला माइक होता आणि साऱ्या चर्चनं ऐकलं, "बाबाजी, आप बैठिए. आपसे गिर जाएगा."

हे वळले. परत येऊन बसले. नारळ पुन्हा मांडीवर घेतला.

नंतर ओळीत भाकर घ्यायला गेले, सगळ्यांसारखे. ओंजळ पुढं केली. हात हलत होते, गोळीचा असर तोवर संपला होता. पाळकानं ओंजळीत ठेवलीच नाही. यांची हनुवटी धरली आणि लहान पोराला भरवावं तशी तोंडात घातली. ज्या माणसानं हजारो हातांवर भाकर ठेवली त्याला भरवली! मी बाकावरून उठलेच नाही. मला कुणाच्या हातचं काही नको होतं. आग लागो म्हटलं तुमच्या वर्धापनदिनाला.

स्कूटीवर मी रडत होते आणि शिव्या देत होते. पाळकाला, बिशपला, त्या गृहस्थाला, ड्रम वाजवणाऱ्या पोट्ट्यालाही. हे मागून म्हणाले, "समोर पाहून चालव."

"तुमाले राग नाही येत? बोला ना काही! त्याच्या हातची शाल कावून घेतली?"

"थंडी आहे," हे म्हणाले. एवढंच.

त्यानंतर यांनी चर्चला जाणं सोडलं. भांडून नाही, बोलून नाही. रविवार आला की पाय दुखतात म्हणायचे. खरंच दुखतही होते. त्या दोनतीन महिन्यांत शरीर असं उतरलं की चालताना मला धरावं लागायचं. जेवण अर्ध्यावर. भाऊ येऊन बसायचे, चिडवायचे, हे नुसती मान हलवायचे. मला दिसत होतं की हा माणूस कशानं खचलाय. आणि माझ्या डोक्यात एक आलं.

इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढून ती बारीक अक्षरं मलाही पाठ झाली होती. त्यात एक जागा आहे. साथीचा रोग असेल, लागण होईल म्हणून शेजारीपाजारी कुणी घरात यायला तयार नसेल, आणि आजारी माणसानं मागितलं, तर पाळकानं त्या एकट्यालाच प्रभुभोजन द्यावं. तिघांची गरज नाही. मी सकाळी पांघरूण घेऊन पडून राहिले.

"काय झालं तुले?"

"साथीचा ताप आहे. भाऊले सांगतलं, आत येऊ नका म्हणून. मले प्रभुभोजन पाहिजे."

हे काठी टेकत आले. पलंगावर बसले. कपाळाला हात लावला. "ताप नाही."

"नवीन साथ आहे. तिच्यात ताप येत नाही."

"अस्सं? मंग काय येते?"

"सगळं दुखते."

"कुठं?"

"सगळीकडं म्हटलं ना! आजाऱ्याले किती विचारता? भाकर मोडा अन् द्या."

आणि हे हसले. किती दिवसांनी हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला हात वर जाईना, मग मीच पदरानं पुसलं. साथीच्या रोग्यानं. म्हटलं, आता मानतील.

"तू आजारी नाहीस अवं," हे म्हणाले. "मी आहो."

मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"त्या पोराले फोन लाव. सांग का मले प्रभुभोजन पाहिजे. आजाऱ्यानं मागतलं तं पाळकाले यावंच लागते."

"त्याले? त्या हनुवटी धरणाऱ्याले?"

"पाळक तोच आहे इथचा."

मी पांघरूण फेकलं. जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं तुमचा अख्खा जन्म नियमात गेला, कुणी एक नियम तुमच्यासाठी पाळला का? म्हटलं तो चोर शाली घालत फिरते अन् तुमी इथं सडून राहिले. हे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "लाव फोन."

पाळक लगेच आला नाही. कुम्हारीला प्रार्थनासभा आहे म्हणाला, मग आणखी काही. आला तेव्हा हे उठून बसण्याच्याही पलीकडे गेले होते. मी टीपॉयवर पांढरी चादर टाकली. त्यानं प्लॅस्टिकच्या डबीतून भाकरीऐवजी दोन पापड्या काढल्या, छोट्या बाटलीतून द्राक्षरस ओतला, मोबाइल सायलेंट केला आणि मधलं बरंच सोडून भराभर म्हणायला लागला.

यांनी मान वळवून खोलीभर पाहिलं. घेणारे आम्ही दोघंच. भाऊ दाराबाहेर, चपला काढून, भिंतीला टेकून उभे होते. हे पाळकाला म्हणाले, "तीसरा?"

"क्या, बाबाजी?"

हे त्याच्याकडे बघत राहिले. तो वाट बघत होता, खरंच कळलं नव्हतं त्याला. कुणी शिकवलंच नसेल.

"कुछ नहीं," हे म्हणाले आणि तोंड उघडलं.

कथीड्रलच्या साऱ्या मंडळीसमोर ज्यांनी एक नियम सोडला नाही, बिशपची गादी सोडली पण नियम सोडला नाही, बायकोनं खोटं आजारपण घेतलं तरी सोडला नाही, त्यांनी तो त्या डबीवाल्या पोरासमोर सोडून दिला. हात चादरीखाली होते. यांनी पुन्हा कधी भाकर मोडली नाही. त्याच थंडीत गेले.

पाळक दुसरी पापडी घेऊन माझ्याकडे वळला. "आंटी?"

मला थुंकावंसं वाटत होतं. पण मी नाही घेतली तर हे एकटे खाणारे उरले असते, आणि हे माझ्याकडेच बघत होते. मी हात पुढं केला. घेतली, चावली, गिळली. यांच्यासाठी गिळली. देवासाठी नाही. त्यानं कधी विचारलं तर मी त्यालाही हेच सांगीन, तोंडावर.